खाली थेंब नाही

सिन्नरच्या बिडी कारखान्यातल्या मुनीमजींची यझदी,
त्यांच्यामागे अकरा वर्षं पोत्यांखाली पडलेली,
मी बारा हजारांत आणली.
गार असली की पहिल्या किकला उठते,
द्वारकेपर्यंत शहाण्यासारखी वागते,
आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला
मागचा रिक्षावाला दिसेनासा होईल इतका धूर.
पांढरा.
मग एक उचकी, आणि बंद.

प्लग काढला : काळा, ओला, चिकट.
लोक म्हणाले, ऑइल जास्त टाकतेस.
लिटरला चाळीस मिली टाकत होते, तीस केलं.
लोक म्हणाले, जेट.
जेट बदलला, कंडेन्सर बदलला,
पॉइंट घासून लग्नपत्रिकेच्या कागदानं अंतर लावलं.
सातपूरच्या एका पोरानं सायलेन्सर जाळून साफ केला,
दीडशे रुपये घेतले.
धुराला त्याचं काहीच नाही.

शेवटी कुणीतरी तांबट लेनमध्ये धाडलं.
मोरेश्वर तांबट. ओट्यावर पाटी नाही,
गिऱ्हाइकानं बसायला एक उलटं घंगाळ.
पस्तीस वर्षं हंड्यांवर हातोडा घातला, त्यात कान गेले.
मग स्टील आलं, हंडेही गेले,
उरलेले हात त्यांनी गाड्यांना लावले.

मी ओरडून सांगायला लागले.
त्यांनी तळवा आडवा धरला.
"सुरू कर."
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक इंजिनाच्या पोटाला टेकवलं
आणि लाकडी मूठ दातात धरली.
डोळे मिटले.
मुठीवर जुन्या चाव्यांचे वण होते,
पेन्सिलीवर असतात तसे.

उजवीकडे जेमतेम दोन श्वास.
डावीकडे इतका वेळ
की समोरच्या दुकानातला मुलगा बंब पुसायचा थांबला.

"गिअरचं ऑइल बघितलंस कधी?"
महिन्यापूर्वी भरलंय, मी बोटं नाचवून सांगितलं.
त्यांनी तार बुडवून वर काढली.
तारेच्या अगदी शेंड्याला ओल.
मी खाली वाकून फरशी पाहिली, हात फिरवला.
कोरडी ठणठणीत.
"खाली थेंब नाही ना? मग आतच जातंय.
डावं सील फाटलंय. दर फेरीला एक घोट ओढते,
आणि तू पेट्रोलमधलं मोजत बसलीस."
मग हसले, पुढचे दोन दात अर्धेच :
"मुनीमाची गाडी. शिल्लक कमी,
आणि खर्चाची नोंद कुठे नाही."

दोन दुपारी लागल्या.
क्लच उतरला, त्यामागून सील निघालं,
करंगळीत घालता येईल असं वाटणारं,
पण अंगठ्यातही सैल झालं असतं.
ओठ कडक, वाळलेल्या सालीसारखे.
तांब्याचा वॉशर मी नवा आणायला निघाले
तर त्यांनी जुनाच चिमट्यात धरला, जाळावर लाल केला,
पाण्यात सोडला. चर्र.
"तांबं तापून मऊ होतं," म्हणाले,
"लोखंडासारखा हट्ट नाही त्याला."
आणि ऐरणीवर एकच ठोका,
असा हलका की मला ऐकू आला नाही,
त्यांना तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी किक मारली.
धूर आला, निळसर, विडीएवढा, आणि विरला.
गाडी उभ्याउभ्या टिणटिणत राहिली.
दहा मिनिटं. वीस. उचकी नाही.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते.
"आवाज कसाय?"
मी अंगठा वर केला.
"तसं नको. कसाय ते सांग."

काय सांगणार?
मी इंजिनांविषयी बोलते तेव्हा
नेहमी बिघाडाविषयीच बोलते;
धड चाललेल्याला माझ्याकडे शब्दच नव्हता.
त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हटलं,
तुमच्या लेनसारखा.
दुपारी चारचा. सगळी दुकानं चालू असतानाचा.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत.
मग स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक टेकवलं,
मूठ दातात.

"खोटं बोलतेस," मूठ न काढताच म्हणाले.
"एक दुकान मागे पडतंय.
टायमिंग लावावं लागेल. उद्या ये."